पॅच, गोळी, सिरप आणि एक इंजेक्शन: कोपरखैरणेतलं एक प्रकरण

ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या जातीची जोरकस वेदनाशामकं, वेगवेगळ्या हातांनी एकाच माणसाच्या अंगात एकत्र आली की काय होतं, त्याचं हे प्रकरण. ते कुटुंबाच्या परवानगीने लिहिलं आहे. ओळख पटू नये म्हणून वय, नाती आणि घराचे तपशील बदलले आहेत. औषधं, मात्रा आणि घटनांचा क्रम बदललेला नाही. आम्ही घरी जाऊन वेदनाशमनाची सेवा देतो. टीममध्ये एक डॉक्टर, दोन सिस्टर आणि एक समुपदेशक आहे.

पार्श्वभूमी

आबा, वय 71. सातारा जिल्ह्यातून तरुणपणी आलेले आणि वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात हयात घालवलेले माथाडी. कोपरखैरणेत दीड खोलीचं घर. घरात पत्नी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. मुलगा टेम्पो चालवतो, पहाटे निघतो. औषधपाण्याचं सगळं सून बघते. बारावी झालेली आणि टापटिपीची बाई. कोणती गोळी कधी द्यायची, ते तिने कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून ठेवलेलं असायचं.

आबांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता आणि तो कंबरेच्या मणक्यांत उतरला होता. कॅन्सर रुग्णालयातून फेंटॅनिल या ओपिऑइडचा, कातडीला चिकटवायचा पॅच सुरू होऊन पाच आठवडे झाले होते. ताशी 25 मायक्रोग्रॅमचा पॅच, दर तिसऱ्या दिवशी बदलायचा. सोबत रात्री नसांच्या दुखण्यासाठी प्रीगाबालिन 75 मिलिग्रॅम आणि शौचाला साफ होण्याचं औषध. पॅच लागू पडला होता. आबा भिंतीला टेकून बसायचे आणि गल्लीतल्या लोकांशी बोलायचे.

कागदावर एवढंच होतं. घरात याहून जास्त होतं.

कॅन्सर कळण्याच्या दोन वर्षं आधीपासून आबा गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांकडून 'कंबरेची गोळी' घेत होते. ट्रामाडॉल 37.5 आणि पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम अशी जोडगोळी, दिवसातून तीनदा. ती मधुमेहाच्या औषधांच्या डब्यात असायची. आमच्या सिस्टरने पहिल्या भेटीत विचारलं होतं, "कॅन्सरच्या दुखण्यासाठी आणखी काही चालू आहे का?" सुनेने नाही म्हणून सांगितलं. ते खरंच होतं, कारण ती गोळी कॅन्सरसाठी नव्हतीच. ती कंबरेसाठी होती.

त्या चार दिवसांत काय घडलं

ऑगस्टचा पाऊस होता. आबांना खोकला झाला. जावयाने कोणाकडची तरी कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाची बाटली आणून दिली. दर 5 मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम कोडीन. दोन-दोन चमचे, तीन वेळा.

रविवारी रात्री खोकता खोकता कंबरेत जोराची कळ आली. मुलगा जवळच्या एका दवाखान्यातून डॉक्टरांना घरी घेऊन आला. त्यांनी पेंटाझोसिनचं इंजेक्शन दिलं. मॉर्फिन, फेंटॅनिल ठेवायला परवानगी, नोंदी वगैरे लागतात. त्यामानाने हे इंजेक्शन लहान दवाखान्यात सहज असतं, आणि मुतखडा, हाड मोडणं अशा दुखण्यांत कामही करतं. डॉक्टरांना शर्टाखालचा पॅच दिसला नाही. दाखवायला हवा, हे घरच्यांना माहीत नव्हतं.

अर्ध्या-पाऊण तासात आबांना दरदरून घाम फुटला. नाक वाहायला लागलं, एकामागून एक जांभया, पोटात मुरडा, अंगावर काटा. आणि कंबर आधीपेक्षा जास्त ठणकू लागली. घरच्यांनी काढलेला निष्कर्ष त्यांच्या जागी अगदी सरळ होता: इंजेक्शननेही उतरत नाही म्हणजे आजार वाढला, आणि पॅच आता निकामी झाला.

त्या रात्रीपासून 'कंबरेची गोळी' एकाऐवजी दोन-दोन सुरू झाली. पाठीला गरम पाण्याची पिशवी सुरू झाली. सोमवारी अंगात ताप भरला म्हणून फॅमिली डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक लिहून दिलं. मंगळवारी ठरल्याप्रमाणे नवा पॅच लावला. बुधवारी आबा दिवसभर झोपले. "दोन रात्रींची झोप काढतायत" म्हणून सगळ्यांना बरंच वाटलं. सुनेच्या एक लक्षात आलं होतं, की लघवी जवळपास झालीच नाही. पण पाणीही पोटात गेलं नव्हतं, म्हणून तिने ते सोडून दिलं.

गुरुवारी सकाळी सातच्या सुमारास आमच्या सिस्टरला तिचा फोन आला. "सिस्टर, आबा घोरतायत, पण उठतच नाहीत. गावाकडं कळवू का?"

पहिला निर्णय: ही अखेर आहे की औषध?

या प्रकरणातला सगळ्यात अवघड क्षण माझ्या मते हाच. पुढचं सगळं त्यामानाने पुस्तकात सापडणारं आहे.

पसरलेला कॅन्सर, म्हातारं माणूस, दोन दिवसांची गुंगी. घरातल्या मोठ्यांनी मनाची तयारी केलेली होती. आबांनी स्वतः मागे सांगितलं होतं की मशीनवर ठेवायचं नाही. अशा वेळी 'आता त्रास देऊ नका' म्हणणं हा दयाळूपणाच वाटतो, आणि पुष्कळदा तो असतोही. पण औषधाने झोपलेल्या माणसाला मरणाला टेकलेला समजणं ही वेगळी गोष्ट. दुरून दोन्ही सारखंच दिसतं.

सिस्टरने फोनवरच तीन गोष्टी करायला सांगितल्या. पोटावर हात ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. डोळ्यांवर मोबाइलचा उजेड टाकून बाहुल्या बघा. खांद्याला जोरात हलवून नावाने हाक मारा. सुनेने मोजलं, मुलाने घड्याळ धरलं. श्वास सात. बाहुल्या "टाचणीच्या टोकाएवढ्या". हाक मारल्यावर आबांनी डोळे उघडले, "हं" म्हणाले आणि पुन्हा घोरायला लागले.

अखेरच्या दिवसांतला श्वास बहुधा वेगळा असतो: काही श्वास भराभर, मग मोठा खंड, मग पुन्हा. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर जाळी दिसते, आणि तिथवर येण्याआधी माणूस दिवसागणिक खाली जात असतो. आबा रविवारपर्यंत भिंतीला टेकून गप्पा मारत होते. संथ पण एकसारखा श्वास, टाचणीएवढ्या बाहुल्या आणि हाकेला क्षणभर जाग: हे चित्र ओपिऑइडच्या अतिमात्रेचं होतं.

सुनेला खात्री वाटत नव्हती, आणि त्याला कारण होतं. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावला तर 94 दाखवत होता. भाड्याचं ऑक्सिजन मशीन आदल्या रात्रीपासून सुरू होतं. इथे फसायला होतं. श्वास संथ झाला की आधी कार्बन डायऑक्साइड साचतो. बाहेरून ऑक्सिजन चालू असेल तर बोटावरचा आकडा बराच वेळ छान दिसत राहतो आणि माणूस आतून गुंगीत बुडत जातो. ओपिऑइडवरच्या माणसाचा श्वास डोळ्यांनी मोजायचा असतो. बोटावरचं यंत्र तो मोजत नाही.

सिस्टरने पॅच काढायला लावला, 108 ला फोन करायला लावला, आणि अॅम्ब्युलन्स येईपर्यंत आबांना कुशीवर वळवून दर मिनिटाला हाक मारत राहायला सांगितलं. औषधाने झोप लागलेला माणूस हाकेसरशी एखादा श्वास घेतो; तेवढ्यानेही वेळ निभावतो. 'मशीन नको' या आबांच्या इच्छेबद्दल मुलाने विचारलं, तेव्हा उत्तर असं दिलं, की हा त्रास उलटवता येण्यासारखा आहे आणि त्यासाठी एक इंजेक्शन लागेल, मशीन नाही. त्याने मान्य केलं. तरी हा निर्णय त्याच्या मनाविरुद्ध गेला असता तर आम्ही काय केलं असतं, याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही.

आणखी एक गोष्ट सिस्टर आठवणीने करते: पाठ, खांदे, दंड, सगळीकडे दुसरा पॅच शोधायला लावते. नवा लावताना जुना काढायचा राहून जाणं फार वेळा घडतं. आबांच्या अंगावर दुसरा पॅच नव्हता. पण जिथे पॅच होता त्याला लागूनच पिशवीने भाजल्याचा लालसर चट्टा होता.

दुसरा निर्णय: उतारा किती द्यायचा?

रुग्णालयात रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब 74 निघाला, सर्वसाधारणपणे तो 35 ते 45 असतो. क्रिएटिनिन 2.6, म्हणजे मूत्रपिंडं नीट काम करत नव्हती. मूत्राशयात नळी घातली तेव्हा लिटरभराच्या आसपास लघवी निघाली.

नॅलोक्सोन हा ओपिऑइडचा उतारा. एका अँप्यूलमध्ये 0.4 मिलिग्रॅम असतं. रस्त्यावर सापडलेल्या, श्वास थांबलेल्या माणसाला ते एकदम देतात. पण पाच आठवडे पॅचवर असलेल्या, मणक्यांत कॅन्सर असलेल्या माणसाला एका दमात पूर्ण अँप्यूल दिली तर तो खडबडून जागा होतो आणि सगळी वेदना एकाच क्षणात त्याच्यावर कोसळते. रक्तदाब चढतो, उलट्या होतात. रविवारी रात्री आबांनी जे भोगलं त्याच्या कैक पट.

म्हणून ड्युटीवरच्या डॉक्टरांनी अँप्यूल 10 मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळली आणि दर दोन मिनिटांनी एक-एक मिलिलिटर, म्हणजे 40 मायक्रोग्रॅम दिलं. लक्ष्य जाग आणण्याचं नव्हतं. श्वास दहाच्या वर नेणं एवढंच होतं. चौथ्या मिलिलिटरनंतर श्वास बारा झाला. आबांनी डोळे उघडून पाणी मागितलं.

तासाभरात ते पुन्हा गुंगीत गेले. हे अपेक्षित होतं. नॅलोक्सोनचा असर सुमारे अर्धा ते दीड तास टिकतो. फेंटॅनिल मात्र पॅच काढल्यावरही कातडीखालच्या साठ्यातून झिरपत राहतं. रक्तातली पातळी निम्म्यावर यायला साधारण 17 तास किंवा त्याहून जास्त लागतात. तेव्हा जेवढ्या मात्रेने श्वास सुधारला त्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे ताशी सुमारे 100 मायक्रोग्रॅम, सलाईनमधून सुरू केलं. ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालवावं लागलं. पहिल्या जागेनंतर 'बरे झाले' म्हणून घरी पाठवलेले रुग्ण वाटेतच पुन्हा झोपतात, ते याच कारणाने.

नेमकं बिघडलं कुठे: बेरीज आणि टक्कर

वेगवेगळी ओपिऑइड एकत्र आली की काय होतं, याची तीन वेगवेगळी उत्तरं या एकाच माणसाच्या चार दिवसांत दिसतात.

पहिलं उत्तर बेरजेचं. फेंटॅनिल, कोडीन आणि ट्रामाडॉल ही तिन्ही शेवटी म्यू नावाच्या एकाच रिसेप्टरवर, म्हणजे पेशींवरच्या औषध बसण्याच्या जागेवर, काम करतात. कोडीन यकृतात गेल्यावर त्याचं मॉर्फिन होतं. ट्रामाडॉलचंही तिथे जास्त ताकदीचं रूप तयार होतं. वेष्टनावरची नावं निरनिराळी असली तरी गुंगी, श्वास, बद्धकोष्ठ आणि लघवी अडणं या सगळ्यांवरचा परिणाम एकात एक मिळत जातो. ही बेरीज तोंडाने घेतलेल्या मॉर्फिनच्या तुलनेत मांडतात. 25 चा फेंटॅनिल पॅच म्हणजे दिवसाला साधारण 60 मिलिग्रॅम मॉर्फिन. कोडीन 60 मिलिग्रॅम म्हणजे 9. ट्रामाडॉल दोन-दोन गोळ्यांनी दिवसाला 225 मिलिग्रॅम होत होतं. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेचा 2016 चा गुणक 0.1 धरला तर साडेबावीस, आणि 2022 चा 0.2 धरला तर 45. म्हणजे एकूण 91 की 114, हे तुम्ही कोणत्या सालचा तक्ता उघडता त्यावर ठरतं! हे आकडे रेषेने आखलेले नाहीत, अंदाजाचे आहेत. तरी कागदावर 60 दिसत असताना अंगात त्याच्या दीडपट ते जवळजवळ दुप्पट जात होतं, एवढं त्यातून नक्की कळतं.

तक्ता आणखी एक गोष्ट लपवतो. पाच आठवड्यांत आबांच्या शरीराला फेंटॅनिलची सवय झाली होती, पण एका ओपिऑइडची सवय दुसऱ्याला पूर्णपणे लागू होत नाही. नव्याने आलेलं औषध तक्त्यापेक्षा जास्त चढू शकतं. म्हणूनच एका ओपिऑइडवरून दुसऱ्यावर जाताना तक्त्यात येणारी मात्रा पाव ते निम्म्याने कमी करून सुरुवात करतात.

दुसरं उत्तर टकरीचं. पेंटाझोसिन त्याच म्यू रिसेप्टरवर बसतं, पण तिथे पुरेसं काम न करता फेंटॅनिलला हुसकावतं. ज्याच्या अंगात आधी कोणतंच ओपिऑइड नाही त्याची वेदना ते कमी करतं. पॅचवरच्या माणसात ते उलट फिरतं आणि व्यसनी माणसाची नशा अचानक तुटावी तशी लक्षणं आणतं: घाम, जांभया, वाहणारं नाक, मुरडा. हे बेरजेच्या तक्त्यात घालणंच चूक. ब्युटॉर्फेनॉलही याच जातीचं. ब्युप्रेनॉर्फिन थोडं निराळं, रिसेप्टरला घट्ट चिकटून राहणारं. दुसरं ओपिऑइड चालू असताना ते चुकीच्या वेळी दिलं तर तेही अशी टक्कर घडवू शकतं.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. टक्कर काही तासांत संपली, पण तिच्यामुळे घरच्यांचा पॅचवरचा विश्वास उडाला आणि त्यातून बेरीज सुरू झाली. पेंटाझोसिन उतरलं तेव्हा फेंटॅनिल जागेवर होतंच. त्यावर दुप्पट ट्रामाडॉल आणि कोडीन चढलं.

तिसरं उत्तर बाजूने येणाऱ्यांचं. क्लॅरिथ्रोमायसिन हे ओपिऑइड नाही, पण फेंटॅनिल मोडून काढणारं यकृतातलं एन्झाइम ते अडवतं, म्हणजे तोच पॅच जास्त ताकदीचा होतो. गरम पिशवी आणि ताप, दोन्हींमुळे कातडीतून औषध जास्त वेगाने आत जातं. प्रीगाबालिन गुंगीत भर घालतं. ओपिऑइडसोबत ते श्वास मंदावू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2019 मध्ये दिला आहे. ओपिऑइडनी लघवी अडवली, प्रोस्टेट आधीच वाट अडवून बसलेलं, त्यामुळे मूत्रपिंडं थकली. मूत्रपिंडातून बाहेर पडणारं प्रीगाबालिन आणि ट्रामाडॉलचा तो ताकदवान अंश मग अंगातच साचत गेला. एक दुसऱ्याला वाढवत होतं.

आबा शुद्धीवर आल्यावर हे सगळं त्यांना सोप्या शब्दांत सांगितलं. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "म्हंजे चौघांनी पाठीवर एकेक गोणी ठेवली, आन् खाली किती झालं ते कुणी बघितलंच न्हाई."

तिसरा निर्णय: आता दुखण्याला काय द्यायचं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा पूर्ण जागे होते आणि कंबर दुखत होती. मुलगा सरळ म्हणाला, "आता ते औषधच नको." त्याची भीती समजण्यासारखी होती. पण कॅन्सरने पोखरलेला मणका पॅरासिटामॉलने शांत होत नाही, आणि मूत्रपिंडाच्या या अवस्थेत डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या देणं म्हणजे नवं संकट.

मॉर्फिनच्या गोळ्यांनी मात्रा थोडी-थोडी वाढवता येते, स्वस्तही पडतात. पण मॉर्फिनचे जोरकस अंश मूत्रपिंडातून जातात. क्रिएटिनिन 1.8 वर उतरलं असलं तरी नियमित मॉर्फिन धोक्याचं वाटलं.

खरा वाद झाला तो ब्युप्रेनॉर्फिनच्या पॅचवर. तो आठवडाभर चालतो, मूत्रपिंडावर अवलंबून नाही, आणि श्वासावरचा त्याचा परिणाम एका टप्प्यानंतर फारसा वाढत नाही. चार हातांनी औषधं येणाऱ्या घरात हाच जास्त सुरक्षित, असं माझ्या सहकारी डॉक्टरांचं म्हणणं होतं. मुद्दा वजनदार होता. पण तो घट्ट चिकटत असल्यामुळे गरज पडली तर नॅलोक्सोनने उलटवायला कठीण जातो. आणि कॅन्सरची वेदना वाढत गेली तर पुन्हा फेंटॅनिल किंवा मॉर्फिनकडे वळताना तीच टकरीची भानगड मध्ये येऊ शकते.

शेवटी फेंटॅनिलच ठेवलं, पण ताशी 12 मायक्रोग्रॅमचा पॅच. अचानक कळ आली तर मॉर्फिनची अर्धी गोळी, म्हणजे 2.5 मिलिग्रॅम, तीही आम्हाला फोन करून. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी: दोन ओपिऑइड एकत्र देणं हीच चूक, असं नाही. संथ चालणारं एक आणि कळीपुरतं झटपट काम करणारं दुसरं, ही रोजची आणि योग्य पद्धत आहे. फरक एवढाच की दोन्ही एकाच हाताने, एकाच कागदावर आणि एकमेकांचा हिशेब धरून दिलेली असतात.

ट्रामाडॉल आणि कोडीन बंद. प्रीगाबालिन 25 मिलिग्रॅमवर आणलं. क्लॅरिथ्रोमायसिनऐवजी दुसरं प्रतिजैविक. आणि ज्याकडे आधीच बघायला हवं होतं ते किरणोपचार: दुखणाऱ्या मणक्यावर एकाच बैठकीत 8 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप). हाडातल्या कॅन्सरच्या वेदनेवर बऱ्याच रुग्णांत एक बैठक पुरते आणि ओपिऑइडची भूकच कमी होते. औषधांच्या बेरजेची चर्चा करताना, बेरीज करावी लागण्याचं मूळ कारण हटवता येईल का, हा प्रश्न मागे पडतो.

परिणाम

आबा सहाव्या दिवशी घरी आले. किरणोपचारानंतर पहिले काही दिवस वेदना थोडी वाढली, मग तीन आठवड्यांत बऱ्यापैकी उतरली. क्रिएटिनिन 1.5 वर स्थिरावलं. लघवीची नळी मात्र कायम राहिली, आणि तिचा त्यांना वैताग होता. अर्ध्या गोळीची गरज आठवड्यातून दोन-तीनदा लागायची. गणपतीत ते खुर्चीवर बसून आरतीला होते.

पुढे आजार वाढला, पॅच पुन्हा टप्प्याटप्प्याने 25 वर गेला, आणि हिवाळ्यात आबा घरीच वारले. त्या वेळीही गुंगी आली, श्वासही बदलला. सुनेने श्वास मोजला, खंड पडतोय हे ओळखलं, बाहुल्या बघितल्या. फोनवर तिने विचारलं नाही, सांगितलं: "सिस्टर, या वेळी ते औषधाचं नाही."

वेगळं काय करता आलं असतं

औषधांची चौकशी तोंडी न करता आता सगळे डबे, पिशव्या आणि फ्रिजच्या दारातल्या बाटल्या पलंगावर मांडायला लावतो. 'दुखण्याचं काही घेता का' या प्रश्नाला माणसं दुखण्याप्रमाणे उत्तर देतात, औषधाप्रमाणे नाही.

पॅचची माहिती देणारं कार्ड मराठीत असायला हवं होतं, आणि तेही घरच्यांसाठी कमी, रात्री बोलावलेल्या डॉक्टरांसाठी जास्त. आम्ही ते आता घराच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवतो. त्यावर मोठ्या अक्षरांत असतं: या रुग्णाला फेंटॅनिल पॅच आहे, पेंटाझोसिन आणि ब्युटॉर्फेनॉल देऊ नये, ट्रामाडॉल, कोडीन किंवा झोपेची गोळी देण्याआधी या नंबरवर फोन करावा. खाली पॅचची ताकद आणि लावल्याची तारीख, पेन्सिलने.

गल्लीतल्या डॉक्टरांकडे बोट दाखवणं सोपं आहे. एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांवरच्या कायद्यात 2014 मध्ये दुरुस्ती झाली, मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन-फेंटॅनिल ठेवणं सुकर झालं. तरी ही औषधं मुख्यतः मोठ्या रुग्णालयांच्या खिडकीतून मिळतात, आणि ज्यांना मध्यरात्री दार वाजवून बोलावलं जातं त्यांनी कित्येकदा पॅच हातातही धरलेला नसतो. फॅमिली डॉक्टरांना आम्ही भेटलो. त्यांनी विचारलेला प्रश्न असा होता: "पेशंट तुमचा झाला हे मला कोणी कळवलं?" तेव्हापासून रुग्ण आमच्याकडे नोंदला गेला की घरच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन जातो.

रविवारी रात्री जांभया आणि घाम सुरू झाल्यावर कोणी आम्हाला फोन केला असता तर? त्यांच्याकडे नंबर होता. पण तो 'श्वास घ्यायला त्रास झाला तर' म्हणून दिलेला होता, आणि श्वास तर उत्तम चालला होता. आता कार्डावर लिहितो: पॅच अचानक काम करेनासा वाटला तरी फोन करा, आधी गोळी वाढवू नका.

एका बाबतीत टीममध्ये अजून एकमत नाही. नॅलोक्सोनची अँप्यूल पॅचवरच्या रुग्णाच्या घरी ठेवावी का? वाहतुकीत अडकलेल्या अॅम्ब्युलन्सची वाट बघताना ती जीव वाचवू शकते. पण तीच अँप्यूल खऱ्या अखेरच्या घटकेला घाबरून कोणी दिली, तर माणसाचे शेवटचे तास वेदनेत जातील. शिवाय ती पातळ करून थेंबाथेंबाने देणं घरच्यांना जमणार कसं, हा प्रश्न आहेच. आबांच्या घरी आम्ही ती ठेवली नव्हती. नंतरच्या एका घरी ठेवली, कारण तिथली मुलगी स्वतः अतिदक्षता विभागात नर्स आहे.